कोंडलेली कालवड

“…मग पुन्हा दुधावर घालू का तिला?” विश्रामने तिसऱ्यांदा विचारलं.

केदारगिरी बुवांनी मान वर केली नाही.

मठाच्या आतल्या दगडी खोलीत कालवड पडली होती. पाच महिन्यांची, आईवेगळी. सकाळपासून विश्रामने तिला दोनदा उभं केलं आणि दोन्ही वेळा ती मटकन खाली बसली. पुढचे पाय बाहेर वाकलेले, सांधे गाठींसारखे सुजलेले. असंच चाललं तर एखाद दिवशी उठता उठता हाड मोडणार, आणि पाय मोडलेलं जनावर पुन्हा उठत नाही. हे त्याला कुणी सांगायला नको होतं. वीस वर्षं तो कॉलेजात जनावरांचं शरीरशास्त्र शिकवत होता.

“दूध पीत होती तोवर उड्या मारायची,” तो म्हणाला. “दूध तुटलं आणि पाय गेले. तेव्हा दूधच…”

“औषध काय देतोस?”

“कॅल्शियमची भुकटी. आधी चमचाभर देत होतो. आता वाटीभर.”

“वाटीभर! अरे, पानाला बोटभर चुना जास्त झाला तर तोंड भाजतं.”

“हा तो चुना नाही, बुवा.”

“नसेल बाबा. मास्तर तू.”

बुवांनी कोपऱ्यातला शेणाचा पो उचलला आणि बोटांनी फोडला. आत पांढरे कण होते. तळहात त्यांनी विश्रामच्या नाकासमोर धरला.

“तुझी वाटी. वरून घातलीस, खालून आली.”

विश्रामचा चेहरा ताठ झाला.

“हे मला ठाऊक आहे. दूधपित्या पिलाचं आतडं सैल असतं. दुधातलं कॅल्शियम पेशींच्या मधल्या फटींतून आपसूक झिरपतं, पिलाला काही करावं लागत नाही. पिलू वाढतं, दूध सुटतं, तशा त्या फटी आवळत जातात. मग आतड्याला कण न् कण स्वतः ओढून घ्यावा लागतो. आणि ते ओढायचं बळ…”

तो थांबला.

“सांग ना. पोरांना सांगत होतास तसं.”

“…ते उन्हातून येतं. कातडीवर ऊन पडलं की.”

“आणि पुन्हा दूध पाजलं, तर त्या फटी परत उघडतील?”

“नाही.”

“दूध सुटून किती दिवस झाले?”

“दोन महिने.”

“आणि ऊन?”

खोलीला खिडकी नव्हती. दाराला आतून अडसर होता, तोही विश्रामनेच सुताराकडून करून घेतलेला.

“सुई मागवली आहे,” तो शेवटी म्हणाला. “उन्हाचं काम करते. गुरुवारी येईल.”

“आज सोमवार.”

“बिबट्या आहे, बुवा! दोन शेळ्या नेल्या त्याने या महिन्यात. भर दुपारी. गुराखी शेजारी उभा असताना!”

“नेल्या खऱ्या.”

“मग?”

बुवांनी तळहातावरचं शेण जमिनीला पुसलं. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी विश्रामची मुलगी सायकलवरून क्लासला निघाली होती. त्यानेच दारातून तिला हात केला होता. ती परत आली नाही… मठात आल्यापासून बुवांनी त्याबद्दल एक शब्द विचारला नव्हता. आजही विचारला नाही.

ते गुडघ्यांवर हात टेकून उठले. अडसर ओढून काढला आणि खांद्यावर टाकला.

“उचल तिला.”

“आणि तो आला तर?”

“येईलही.”

विश्राम हलला नाही. कालवडीने मान उचलून उघड्या दाराकडे बघितलं. नाकपुड्या फुलवून तिने बाहेरचा वास घेतला, उठायला धडपडली आणि पुन्हा कोसळली. हाडावर हाड घासल्यासारखा आवाज झाला.

त्याने खाली वाकून तिला कवेत घेतलं.

बाहेरच्या उन्हाने त्याचे डोळे दिपले. मठामागच्या उतारावर, कोरड्या गवतात त्याने तिला अलगद ठेवलं. ती आडवी झाली, डोळे मिटले. पाठीवरची कातडी एकदा थरथरली. समोर पन्नास पावलांवर घळ होती, करवंदीच्या जाळ्यांनी भरलेली.

जाळीत काहीतरी खसपसलं.

विश्राम ताडकन उभा राहिला. होला पाखरू असेल… रानडुक्कर असेल… तो पापणी न लववता घळीकडे बघत राहिला. पुन्हा खसपसलं. मागे कालवडीच्या अंगाखाली गवत मोडल्याचा आवाज झाला, तरी त्याने वळून पाहिलं नाही.

बुवा सावकाश त्याच्या पुढे आले आणि घळीकडे तोंड करून दगडावर बसले. अडसर त्यांनी मांडीवर आडवा घेतला.

“विश्राम,” ते मागे न बघता म्हणाले, “बिबट्याकडे मी बघतो. तू कालवडीकडे बघ.”