रंगनाथशेठची हिरवी चटई

तालुक्याच्या एका गावाबाहेर, जिथे दुकानं संपून उसाची शेतं सुरू होतात, तिथे रंगनाथशेठ नावाच्या गृहस्थांचं लग्नाचं लॉन होतं. एकरभर हरळीचं मऊ गवत, कडेने अशोकाची झाडं आणि पश्चिमेच्या टोकाला स्टेज. गावातल्या निम्म्या लेकी त्या गवतावरून सासरी गेल्या असतील. शेठ माणूस मनाचा मोठा. कुणाच्या लग्नात जेवण कमी पडलं, तर घरून पिठल्याचं पातेलं उचलून आणणारे. पण एक खोड होती त्यांना. आपल्याला कुणी नावं ठेवील, या धास्तीने त्यांचा जीव कायम टांगणीला असायचा.

आता नवरा-नवरीचं तोंड पूर्वेकडे हवं, म्हणून स्टेज वर्षानुवर्षं त्याच जागी. त्याच्यापुढे माणसं आहेर घेऊन उभी राहायची, फोटोसाठी रेटारेटी करायची, पोरं नाचायची. गवत बिचारं सोसून सोसून किती सोसणार? एक दिवस स्टेजसमोर ताटाएवढं टक्कल पडलं.

नेमका त्याच दिवशी एक साखरपुडा होता. शेठनी डेकोरेशनवाल्याकडून प्लॅस्टिकच्या गवताची एक चटई आणली आणि दिली त्या टकलावर टाकून. लांबून पाहिलं तर झकास! कुणाला पत्ताही लागला नाही. शेठ समाधानाने म्हणाले, “राहू दे आजच्या दिवस.”

तो आजचा दिवस काही संपेना, बरं का. चटईखाली ना ऊन, ना वारा. पावसाळ्यात पाणी साचून खालची मुळं कुजायची आणि चटईच्या कडेचं गवतही पिवळं पडायचं. मग शेठ गड्यांना आणखी मोठी चटई टाकायला सांगायचे, स्वतः खाली बघायचे नाहीत. ताटाएवढं टक्कल खाटेएवढं झालं, खाटेचं बैलगाडीएवढं झालं. म्हातारे श्रीपती माळी अधूनमधून म्हणायचे, “शेठ, एकदा उचलून बघू या की.” शेठ म्हणायचे, “हा सीझन जाऊ दे.” सीझन जायचा आणि दुसरा यायचा. शेवटी श्रीपती माळी थकले आणि लेकीकडे राहायला गेले.

दसरा तोंडावर आला होता. हायवेला दोन नवी लॉन्स झाली होती आणि गावातले लोक तिकडे वळू लागले होते. अशात बापूसाहेब नावाच्या एका बड्या बागाईतदारांचा निरोप आला. त्यांच्या लेकीचं लग्न मार्गशीर्षात होतं, आठ दिवसांनी ते लॉन बघायला येणार होते. बापूसाहेबांनी होय म्हटलं की सगळी भावकी त्यांच्या मागोमाग येणार, आणि नाही म्हटलं की तीही हायवेला जाणार. शेठच्या लॉनवर बारा माणसं कामाला होती. वाढपी, मांडववाले, भांडी घासणाऱ्या बाया. सीझन रिकामा गेला तर त्यांच्या चुलीचं काय, या विचाराने शेठचा घास घशाखाली उतरेना. त्यांनी फाटकावर पाटी लावली: ‘लॉनसाठी अनुभवी माळी पाहिजे.’

चार जण येऊन गेले. एकाने तर गवताला हिरवा रंग फवारायचा बेत सांगितला. अहो, गवताला रंग! शेठनाही हसू आलं. मग मोटारसायकलवरून एक गॉगलवाला आला. त्याने चटईचं टोक बुटाने जरा वर केलं, खाली पाहिलं आणि पुन्हा सोडून दिलं.

“हे असंच राहू द्या शेठ,” तो डोळा मिचकावून म्हणाला. “बाकीचं चार दिवसांत असं हिरवं करतो की पाहुणा इकडे बघणारच नाही.”

शेठना तो माणूस मनापासून आवडला. आपलं गुपित त्याला कळलं, तरी तो काही बोलला नाही, हेच त्यांना फार वाटलं.

त्याच दुपारी हौसाबाई आली. पन्नाशीची, काटक, कमरेला खुरपं खोचलेलं. अकरा वर्षं ती एका नर्सरीत कामाला होती. रस्ता रुंद झाला, त्यात नर्सरी गेली, आणि तीन महिने ती मिळेल ते काम करत होती. घरी अंथरुणाला खिळलेली सासू, म्हणून लांबचं काम तिला चालत नव्हतं. हे लॉन तिच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. हे काम मिळावं म्हणून तिने सकाळीच देवाला हात जोडले होते.

तिने फाटकाशी चपला काढल्या आणि अनवाणी गवतावर गेली. शेठना मोठी गंमत वाटली. बाई काही बोलेना, खाली वाकेना, नुसती पाऊल टाकून चालत राहिली. इथे जमीन घट्ट झालीय, तिथे पाणी कमी पडतंय, असं तिला तळपायालाच कळत होतं. चालता चालता ती चटईच्या कडेला येऊन थांबली.

“शेठ, ह्याच्याखाली काय हाय?”

“काही नाही. शोभेला टाकलीय.”

“मग उचलून बघू?”

“नको!” शेठ एकदम ओरडले. मग ओशाळून म्हणाले, “बाई, ते सोडून बाकीचं लॉन सांभाळा ना.”

हौसाबाईने एकदा आपल्या घराच्या दिशेने पाहिलं. मिळत असलेलं काम सोडणं तिला परवडणारं नव्हतं. पण ती म्हणाली, “जे मी बघितलंच न्हाई, त्याची राखण मी कशी करू? आज एवढं हाय, उद्या समदं जाईल. मग तुम्हीच म्हणाल, हौसाबाईनं लॉन मारलं.” तिने नमस्कार केला, फाटकाशी जाऊन चपला पायात घातल्या आणि निघून गेली.

‘काय हा ताठा!’ शेठ मनात म्हणाले. त्यांनी गॉगलवाल्याला कामावर ठेवलं.

गॉगलवाल्याने भर दुपारी युरिया फेकला, मूठ मूठ, सढळ हाताने. पाणी दिलं न दिल्यासारखं. तिसऱ्या दिवशी गवत असं काही तरारलं की शेठनी त्याला घरचा चहा पाजला. सहाव्या दिवशी सकाळी बघतात तर काय, जिथे जिथे मूठ पडली होती तिथे तिथे गवत जळून भुरकट पट्टे उठले होते! शेठचे डोळे पांढरे झाले.

“एवढंच ना?” गॉगलवाला म्हणाला. “चटई मागवा की. सगळ्या लॉनलाच टाकून देऊ.”

शेठच्या डोळ्यांपुढे ते चित्र उभं राहिलं. सगळ्या लॉनला चटई! मग खाली लॉन कशाला हवं होतं? हा माणूस चुकीचंही बोलत नव्हता. आपणच सुरू केलेली वाट तो फक्त शेवटपर्यंत चालून दाखवत होता. शेठनी त्याची सहा दिवसांची मजुरी हातावर ठेवली आणि त्याला फाटकापर्यंत पोचवलं.

मग ते स्टेजसमोर गेले आणि कितीतरी वर्षांनी त्यांनी ती चटई स्वतःच्या हाताने ओढली. कुबट वास आला. खाली काळी पडलेली माती, कडेला पांढुरके, दोऱ्यासारखे झालेले गवताचे कोंब आणि मुंग्यांची बिळं. टक्कल त्यांना वाटत होतं त्याच्या दुप्पट होतं. शेठना रडूच कोसळलं. याच गवतावर त्यांच्या स्वतःच्या लेकीची पाठवणी झाली होती.

डोळे पुसून ते तसेच हौसाबाईच्या घरी गेले. ती सासूला पेज भरवत होती. शेठ दारातच उभे राहिले. या बाईने आपल्याकडचं काम कसल्या गरजेत नाकारलं होतं ते त्यांना आत्ता दिसलं, आणि त्यांची मान खाली गेली.

“हौसाबाई, चटई काढली मी,” ते म्हणाले. “परवा पाहुणे येणार. काही होईल का हो?”

ती टोमणा मारील असं त्यांना वाटलं होतं. तिने सासूचं तोंड पुसलं, वाटी खाली ठेवली आणि खुरपं उचललं. “दोन दिसांत गवत न्हाई येत शेठ. पण लावून तर व्हईल. लगीन मार्गशीर्षात हाय ना? तवर भरून निघंल.”

दोन दिवस तिने मान वर केली नाही. कुजकी माती उपसली, शेणखत मिसळलं, लॉनच्या मागच्या कडेची जोमदार हरळी काढून तिचे छोटे छोटे ठोंब वीत वीत अंतरावर ओळीने लावले. जळक्या पट्ट्यांना सकाळ-संध्याकाळ भरपूर पाणी दिलं. दुपारी तेवढी घरी जाऊन सासूला जेवू घालून यायची. शेठ स्वतः धोतर खोचून मातीच्या पाट्या उचलत होते. कामाला हात लागला की मनाची धास्ती कमी होते. शेठचीही दोन दिवस कमी झाली.

पण तिसऱ्या दिवशी सकाळी बापूसाहेबांची गाडी वळणावर दिसली आणि शेठचा धीर सुटला. स्टेजसमोर एवढी मोठी काळी जमीन, तिच्यात ओळीने खुपसलेल्या किरट्या काड्या! कोण म्हणेल याला लॉन? गुंडाळलेली चटई भिंतीशी उभी होती. शेठ धावले आणि त्यांनी तिला मिठीच मारली.

“हौसाबाई, धरा जरा पलीकडून. फक्त आजच्या दिवस. दहा मिनिटं. पाहुणे गेले की लगेच काढू.”

हौसाबाईच्या हातात पाण्याची झारी होती. ती जागची हलली नाही. चिडलीही नाही. घरातल्या माणसाशी बोलावं तशी हळू म्हणाली, “शेठ, पहिल्यांदा टाकली व्हती, तीबी आजच्या दिवसच ना?”

शेठच्या हातातून चटई सुटली आणि भिंतीशी आडवी झाली.

बापूसाहेब आत आले. उंचेपुरे, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी सगळीकडे नजर फिरवली आणि स्टेजसमोर येऊन काठीने खाली दाखवलं. “हे काय शेठ?”

शेठनी एकदा हौसाबाईकडे पाहिलं. मग म्हणाले, “बापूसाहेब, इथलं गवत मेलं होतं. मी वर्षानुवर्षं चटई टाकून झाकत आलो, त्याने जास्तच मेलं. ते जळके पट्टेही माझ्याच घाईचे. परवापासून या बाईंनी नवीन लावायला घेतलंय. त्या म्हणतात मार्गशीर्षापर्यंत भरेल. मला तुमच्याकडून होय ऐकायचंय, पण खोटं दाखवून नको.”

बापूसाहेबांनी काठीच्या टोकाने एक काडी हलवून पाहिली. “बघतो,” एवढंच म्हणाले आणि निघून गेले. तुम्हाला वाटेल, ते खूष होऊन तिथल्या तिथे होकार देतील. तसं काही झालं नाही. शेठ स्टेजच्या पायरीवर मटकन बसले. बारा माणसांची तोंडं त्यांच्या डोळ्यांपुढे आली. खरं बोललं की जीव हलका होतो म्हणतात, त्यांचा तर आणखी जड झाला होता.

“गेलं हातचं,” ते म्हणाले.

“गेलं असंल,” हौसाबाई म्हणाली. “पण ह्यास्नी पाणी लागतंय रोज.” आणि तिने झारी शेठच्या हातात दिली.

रोज सकाळी शेठ पाणी घालू लागले. आठ दिवसांनी ठोंबांनी अंग धरलं. पंधरा दिवसांनी एका ठोंबाचं पातं दुसऱ्याला जाऊन भेटलं. शेठ बायकोला हाताला धरून ते बघायला घेऊन आले, म्हणजे बघा! पुढच्या लग्नापासून स्टेज दर वेळी वेगळ्या जागी मांडायचं, असंही हौसाबाईने ठरवून टाकलं. शेठ म्हणाले, “अहो, पण पूर्वेचं काय?” तर म्हणाली, “पूर्व काय तुमच्या कोपऱ्याला बांधून ठिवली हाय व्हय?” शेठ पोट धरून हसले.

महिना उलटला. दिवाळी झाली. एका सकाळी फाटकाशी गाडी थांबली. निरोप नाही, काही नाही. बापूसाहेब एकटेच उतरले. काळी जमीन कुठे होती ते त्यांना शोधावं लागलं. त्यांनी पायातले जोडे काढले आणि अनवाणी त्या जागेवरून दोनदा चालले. गवत अजून कोवळं होतं, पण जमीन कुठे दिसत नव्हती.

“शेठ,” ते म्हणाले, “हायवेची दोन्ही लॉन्स पाहिली मी. स्टेजपुढे हिरव्या चटया आहेत. मी विचारलं, खाली काय आहे? दोघंही मालक म्हणाले, काही नाही, शोभेला टाकल्यात.” ते जरा हसले. “माझ्या एकुलत्या एका लेकीचं लग्न आहे. काही कमीजास्त झालं तर मला तोंडावर सांगणारा माणूस हवा. तारीख लिहून घ्या.”

शेठचा जीव भांड्यात पडला. त्यांनी वहीत तारीख लिहून घेतली. ते वळले, तर हौसाबाई पलीकडे उकिडवी बसून खुरप्याने तण काढत होती. तिचं तिकडे लक्षच नव्हतं. शेठ तिच्याजवळ गेले आणि म्हणाले, “बाई, तुम्ही आता कायमच्या. दुपारी घरी जायची सुट्टी धरून.” तिने मान हलवली, पदराने डोळे टिपले आणि पुन्हा खुरपं चालवायला लागली.

ती चटई आजही लॉनवर आहे. फाटकाशी टाकलीय, पाहुण्यांनी चपला ठेवायला.

तात्पर्य: आपलं उणं झाकायला हात देणारे पुष्कळ भेटतात, पण जो ते उघडं करून भरून काढायला आपल्याबरोबर बसतो, त्यालाच जवळ ठेवावं, आणि तो बोलेल ते गोड मानून घ्यावं.