डोणगावकर बाईंच्या हातात कटोरा

“तीन महिने, फकीरबाबा. आई तीन महिने अंथरुणाला खिळून होती. आत्ता कुठे उठून बसतेय. अकरा जणांच्या स्टाफरूममध्ये एकानंही विचारू नये, आई कशी आहे म्हणून?”

रोशनशाह फकीर रस्त्याकडेच्या कडुनिंबाखाली बसले होते. गुरुवारी सात दारं फिरून कटोऱ्यात जे पडेल, तेवढंच त्यांचं जेवण. आज सहाच दारं झाली होती.

“तुम्ही कुणाला सांगितलं होतं?”

“मी कशाला सांगू? माणसाला दिसत नाही का?”

“बसा की, बाई.”

“नको. बरी आहे उभी.”

डोणगावकर बाई धड उभ्याही नव्हत्या. निंबापासून रस्त्यापर्यंत आणि रस्त्यापासून निंबापर्यंत त्यांच्या फेऱ्या चालल्या होत्या. बावीस वर्षं त्या तालुक्याच्या शाळेत गणित शिकवत होत्या. त्यांच्या पर्समध्ये सुई-दोरा, सेफ्टी पिन, डोकेदुखीची गोळी, सगळं असायचं. शाळेत कुणालाही काही लागलं की बाईंकडे धाव. बाईंना मात्र कधी कुणाचा खडूसुद्धा लागला नाही, आणि याचा त्यांना भारी अभिमान.

आज त्याच पर्समध्ये स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज होता. उद्या तो मुख्याध्यापकांच्या टेबलावर जायचा होता.

“पाणी घ्या.”

“माझी बाटली आहे, बाबा.”

फकिरांनी पुढे केलेला तांब्या पुन्हा खाली ठेवला.

“मधल्या सुट्टीत काय करता?”

“पूर्वी सगळ्यांचे डबे एकत्र उघडायचे. मी अकरा जणांना पुरेल एवढी शेंगदाण्याची चटणी न्यायचे. रोज.”

“आणि तुम्ही कुणाचं काय खायच्या?”

“माझं मी. कुणाचं मिंधं राहणं मला जमत नाही.”

“हं...”

“दिवाळीनंतर माझ्या चटणीला कुणी हात लावेना. मी आत गेले की बोलणं बंद. आता मी प्रयोगशाळेत एकटी जेवते. घास उतरत नाही, बाबा. वर्गातल्या पन्नास पोरांची मला भीती नाही वाटत. त्या अकरा जणांची वाटते.”

हे बोलताना त्यांचा आवाज फाटला. बाईंना स्वतःचाच राग आला.

“दिवाळीत काय झालं?”

“टोणपे सरांच्या प्रश्नपत्रिकेत दोन चुका होत्या. मी लाल पेनानं दाखवल्या.”

“सगळ्यांसमोर?”

“चूक ती चूक.” बाई रस्त्याकडे वळल्या, पुन्हा परत आल्या. “तेव्हापासून ते माझ्याकडे बघतही नाहीत. चौदा वर्षं शेजारी बसतो आम्ही. काकडी चिरली की सगळे मीठ त्यांच्याकडे मागतात; डबी त्यांच्याच कप्प्यात, माझ्या हाताशी. आणि आता...”

फकिरांनी कटोऱ्यातला भाकरीचा तुकडा पुढे केला.

“नको, बाबा. जेवून आलेय.”

“बरं. मग हा कटोरा धरा जरा. माझ्या चपलेचा पट्टा निघालाय.”

मदत करायची म्हटल्यावर बाई नाही कशा म्हणतील? त्यांनी दोन्ही हातांनी कटोरा धरला. फकीर चप्पल घेऊन झाडामागे गेले आणि तिकडेच रेंगाळले.

तेवढ्यात रस्त्यानं गयाबाई आली. तिची मुलगी नववीत होती. बाई तिला दर रविवारी घरी बोलावून फुकट शिकवायच्या. गयाबाईनं दोनदा शेंगांची पिशवी पाठवली होती. दोन्ही वेळा बाईंनी ती परत केली होती.

गयाबाई थबकली. तिनं कटोरा पाहिला, बाईंना पाहिलं. बाईंना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. कटोरा खाली ठेवावा तर फकिराचं अन्न, आणि धरून राहावं तर...

“मी... बाबांचा आहे हा,” बाई कशाबशा म्हणाल्या.

गयाबाई हसली नाही. तिनं पदर सावरला, फडक्यातली भाकरी काढली आणि कटोऱ्यात ठेवली. वर मिरचीचा ठेचा ठेवला.

“तुमच्या हातात कधी काही ठेवाया मिळंल असं वाटलं नव्हतं, बाई.”

आणि ती गेली.

फकीर झाडामागून आले. चपलेचा पट्टा तसाच लोंबत होता.

“पाहिलंत तिचं तोंड?”

“नाही.” बाईंनी कटोरा त्यांच्या हाती दिला. “मला मान वर करता आली नाही.”

“मी पाहिलं.”

फकिरांनी गयाबाईची भाकरी मोडली. अर्धी स्वतः घेतली, अर्धी बाईंपुढे धरली. बाईंनी ती घेतली. मग बाई निंबाखाली, मातीतच, बसल्या. ठेच्यानं डोळ्यांत पाणी आलं. ते नुसतं ठेच्याचं नव्हतं. बाईंनी बाटली शोधली नाही. तांब्या उचलला.

खाऊन झाल्यावर त्यांनी पर्स उघडली. अर्ज बाहेर काढला, पुन्हा आत ठेवला, पुन्हा काढला.

“उद्या काय करू, बाबा? देऊ का हा?”

फकीर कटोरा पुसत होते.

“उद्या डब्याच्या भाजीत मीठ घालू नका. शेजारी मागून घ्या.”