बांधातलं शिल्प

हॉलंडमधल्या ऐंशी वर्षांच्या शिल्पकार हिल्केबाईंना जीवनगौरव पुरस्कार जाहीर झाला आणि त्यांच्या डोक्याला ताप सुरू झाला. त्यांचं गाजलेलं शिल्प समुद्र अडवणाऱ्या बांधाच्या दगडातच कोरलेलं होतं. पुरस्कार समितीचे अध्यक्ष फोनवरून तिसऱ्यांदा ऐकवत होते, "बाई, नियम म्हणजे नियम. मूळ शिल्प सभागृहात आणा, नाहीतर पुरस्कार रद्द!"

"अहो, तो बांध आहे!"

"ते तुमचं तुम्ही बघा."

हिल्केबाई वैतागल्या. "बरं, उद्याच दगड उपटते. फक्त पहिली रांग रिकामी ठेवा."

"कुणासाठी?"

"समुद्रासाठी. तुमचं सभागृह त्याच्याहून सखल भागात आहे. दगड निघाला की मागोमाग तोही येणारच."

सोहळा बांधावरच झाला. अध्यक्षांच्या भाषणाचे कागद वाऱ्याने उडवून नेले, ही सगळ्यांवरच कृपा झाली.