खापरमाळावरचे ठसे

तांबडवाडीच्या अलीकडे एक ओढा आहे. ओढा ओलांडला की उजव्या हाताला टेकाड लागते. त्याला आम्ही खापरमाळ म्हणतो. लांबून ते साधे मातीचे दिसते. वर चढू लागले की पायाखाली कुरकुर वाजते, आणि मग लक्षात येते की इथे माती नाहीच. फुटक्या मडक्यांची दोन पुरुष उंच रास आहे ती. त्यातले कुठलेही खापर उचलावे आणि पुसून पाहावे. त्यावर बोटाचा ठसा असतो. ठशावाचून एकही खापर या टेकाडावर नाही, असे सांगतात. मी पुष्कळदा शोधले. मला सापडलेले नाही.

बाहेरगावचे कोणी आले की त्यांना कुंभारआळीतल्या भैरूतात्यांकडे नेतात. तात्या ऐंशीच्या पुढचे आहेत. ते पाहुण्यांना पायथ्याशी चपला काढायला लावतात आणि मगच वर नेतात. मागच्या माघात एक जोडपे मोटारीतून आले होते. त्यांना तात्यांकडे मीच नेले. वाटेत ते एकमेकांशी फारसे बोलत नव्हते. टेकाड पाहून बाईंनी विचारले, "एवढी मडकी फुटली कशी हो, आजोबा?"

"फुटली न्हाईत, बाई. फोडली," तात्या म्हणाले. "आन् फोडणारा कुंभारच हुता."

भाजून निघालेले पक्के मडके कुंभार आपल्या हाताने कधी फोडत नाही. तात्यांनी पुढे जे सांगितले ते आमच्या आळीत पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत.

फार वर्षांपूर्वी आळीत हैबती नावाचा कुंभार होता. बारा गावच्या कुंभारांचा तो मानकरी. कुठे तंटा झाला तर त्याच्या शब्दावर मिटायचा. आणि त्याची काटकसर तर म्हणे अशी, की लोक पोरांना सांगायचे, घर कसे चालवावे ते हैबतीकडे बघून शिका. दिव्यात तेल तो स्वतः ओतायचा, तेही बोट बुडवून मोजायचा. भाकऱ्या मोजायचा. मीठ सांडले तर मातीसकट उचलायचा, पाण्यात विरघळवायचा, माती खाली बसली की वरच्या पाण्यात डाळ शिजायची.

घरात त्याची बायको सोनाई, मुलगा सटवा आणि सून भागू. भागूच्या कडेवर वर्षाची मुलगी होती.

असा हा हैबती वर्षातून एकदा मात्र बारा गावच्या मंडळींना जेवण घालायचा. पुरणाची पोळी आणि वर तूप, समोरचा पुरे म्हणेपर्यंत. "मोडकं-तोडकं साठवलं, म्हनून वाढतोया," तो मांडवात सांगायचा, आणि जेवणारे माना डोलवायचे.

एका चैत्रात बाजारगावचा सावकार आळीत आला. सकाळची वेळ होती, सगळे माती तुडवत होते. तो हैबतीच्या दारात थांबला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "आठ गाढवं, मातीची खाण आन् ह्ये राहतं घर. पंधरा दिसांत माझं तीनशे रुपये आलं न्हाईत, तर ह्ये समदं माझं."

तुडवणाऱ्यांचे पाय चिखलातच थांबले. तीनशे? आणि ते हैबतीच्या घरावर? मीठ धुऊन खाणाऱ्या घरावर?

हैबतीचा चेहरा राखेसारखा झाला. पण तो मानकरी होता. त्याने लगेच मान वर केली. "कागदावर अंगठा माझाच हाय. घरचा धनी हाय मी, दुसऱ्या कुनाचा असंल? पर पैका गेला कुठं ते इचारा. तीन वरसांमागं सून आली आन् माज्या घराला भोक पडलं."

सोनाईने री ओढली. "दिव्याला दोन वाती लावती. पेज उरली की कुत्र्याला घालती. भावाच्या लग्नाला पितळंची समई घिऊन गेली, मी सांगते!"

लोकांना ते लगेच पटले. ज्यांनी मांडवात तूप ओरपले होते तेही म्हणू लागले, सूनच उधळी असणार. सटवा खाली बघून पायाच्या अंगठ्याने चिखल उकरत राहिला.

भागू म्हणाली, "मामंजी, तीन वरसांत माज्या हातावर एक दिडकी तरी ठिवली का तुमी?"

"बगा, बगा," हैबती लोकांकडे वळला. "तोंडबी उधळंच हाय."

बायकांतली एक हसली.

त्या काळी कुंभारांत तंटा मिटला नाही तर आव्याची शपथ घालत. आवा म्हणजे मडकी भाजायची भट्टी. ज्याच्यावर आळ असेल त्याच्या नावाने एकवीस मडकी आव्यात ठेवायची. सगळी शाबूत निघाली तर माणूस खरा. एकाला जरी तडा गेला तर खोटा. हैबतीने तीच शपथ सुनेला घातली. मडके तडकले तर तिने त्याच पावली माहेरी जायचे. मुलगी इथेच राहील.

मुलीचे नाव निघाले तेव्हा भागूने तिला इतके घट्ट धरले, की पोर रडू लागली.

आवा तेव्हा याच जागी होता; तो रचायला हैबती स्वतः बसला. भागूने पहिले मडके उचलून गालाला लावले. कुंभाराच्या घरातले शेंबडे पोरसुद्धा ही खूण जाणते. वाळलेले मडके गालाला कोमट लागते, ओले असले तर गार. ते मडके गार होते. दुसरेही गारच होते. ओले मडके आव्यात टिकत नाही, हे बारा गावच्या मानकऱ्याला ठाऊक नव्हते असे कसे म्हणावे?

"मामंजी, ही वली हाईत."

"शपथ घ्यायची का न्हाई, तेवढं बोल."

तिने मुलीला सोनाईच्या हातात दिले. मग ती आव्यापुढे उभी राहिली. ती जे बोलली ते शब्द आमच्या आळीत अजून पाठ आहेत. "माती आई, मडकी वाचव असं मी म्हनत न्हाई. ह्या कर्जाला ज्याचं ज्याचं हात लागलं असतील, त्याचं हात दाव."

गोवऱ्या, काटक्या आणि पालापाचोळा रचून, वर राख लिंपून आवा पेटवला. भागू त्याच्यासमोर बसली. पाण्याचा थेंब घेतला नाही. सगळी आळी कान देऊन होती, कारण ओली मडकी आतच फुटतात, आणि त्यांचा आवाज गोफणीच्या फटकाऱ्यासारखा लांबवर जातो. पहिला दिवस गेला. आवाज नाही. दुसरा गेला. सोनाईच्या कडेवरची पोर तेवढी रडत होती. हैबती सारखा उठून आव्याजवळ कानोसा घेत होता.

तिसऱ्या दिवशी उजाडताच आवा उघडला. बारा गावची माणसे जमली होती. हैबतीने राख सारली. एक मडके काढले, दुसरे काढले. तांबडी, खणखणीत, केसाएवढा तडा नाही. ओली मडकी शाबूत भाजलेली तिथल्या कुणीही जन्मात पाहिली नव्हती. बायकांनी पदर तोंडाशी नेले.

तेवढ्यात एक म्हातारा कुंभार म्हणाला, "हैबती, त्येच्या खांद्यावर काय हाय रं?"

मडक्याच्या खांद्यावर अंगठ्याचा ठसा होता. ओल्या मातीत दाबावा तसा खोल, आणि मडके तर भाजून दगड झालेले. ठशावर आडवी चीर होती. आळीत तो अंगठा सगळ्यांना ओळखीचा होता. चाकावरून मडके कापताना हैबतीचा अंगठा दोऱ्याने चिरला होता आणि वाकडा भरून आला होता. दुसऱ्या मडक्यावर तोच ठसा. तिसऱ्यावर तोच. बारा मडकी बाहेर निघाली, बाराही मडक्यांवर तोच.

"कुनी केलं ह्ये?" हैबती ओरडला. "कुनी माजा अंगठा चोरला?" आणि त्याने हातातले मडके जमिनीवर आपटले.

त्याची सात खापरे झाली. सातही खापरांवर अख्खा ठसा होता.

त्याने दुसरे फोडले. त्याच्या खापरांवर पाय दिला, आणखी तुकडे केले. तुकडा नखाएवढा झाला तरी त्यावर ठसा होताच. तो एकामागून एक फोडत सुटला. बारा मडक्यांची खापरे किती व्हावीत? पण ती वाढतच गेली असे सांगतात. आधी घोट्याएवढी, मग गुडघ्याएवढी, मग कमरेएवढी. माणसे मागे सरकत गेली. हैबतीचे हात रक्ताने भरले आणि तो राशीवर उभा राहून फोडतच होता.

म्हातारा कुंभार कळवळून म्हणाला, "थांब रं बाबा. फोडशील तितकं वाढंल."

तेव्हा हैबती मटकन खाली बसला. मग म्हणाला, "मांडवातलं तूप सावकाराच्या पैक्याचं हुतं. दरसालचं. घरातली वात मी बारीक केली आन् मांडवातली मशाल कर्जावर पेटवली. मीठ धुवून पै वाचवली, रुपया उधळला. ती माजी, ती माजी. समदी खापरं माजी."

तो हे बोलला आणि रास वाढायची थांबली.

आव्यात नऊ मडकी उरली होती. त्यातल्या तीन मडक्यांवर सोनाईची बोटे होती. नवऱ्याचा मान वाढावा म्हणून कर्जाचे ठाऊक असून ती गप्प राहिली होती. दोनांवर सटवाची. तो बापाबरोबर सावकाराकडे जायचा आणि ओट्यावर बसून राहायचा. पुढची तीन मडकी तर ठशांनी भरून गेली होती, आणि त्यांना भाजल्यावरही तुपाचा वास येत होता. बारा गावच्या मंडळींनी ती पाहिली आणि हळूच आपापले हात धोतरात लपवले.

मग लोक भागूकडे धावले. "सती गं माझी!" म्हणून एकीने तिच्या पायावर डोके ठेवले. कुणी हळदकुंकू आणायला पळाले. जी हसली होती तीही पुढे होती. भागूने आधी सोनाईच्या कडेवरून मुलगी काढून घेतली. मग ती आव्यात वाकली आणि शेवटचे मडके तिने स्वतः उचलले. ते सगळ्यांत लहान होते. त्यावर एकच ठसा होता, बारीक करंगळीचा.

"ह्ये माझं," ती म्हणाली.

तिने मडके सगळ्यांना दिसेल असे वर धरले.

"भावाच्या लग्नाला मोकळ्या हातानं जायाची मला लाज वाटली. समई पायजे म्हनून मी दोन दिस जेवले न्हाई. घरात पैका न्हाई, ह्ये मला दिसत हुतं. ती समई ह्या तीनशातलीच हाय."

हळदकुंकवाचे ताट घेऊन आलेली बाई जागीच थांबली. भागू तिला म्हणाली, "माघारी ने ते, आक्का. मला देवी करू नका. देवी केली की फेडायला एक हात कमी व्हतो."

त्या दिवशी त्या घरातली माणसे पहिल्यांदाच मिळून सावकाराकडे गेली आणि त्यांनी मुदत मागून घेतली. हैबतीने मानकरीपण सोडले. तूप जेवलेल्यांनी जमेल तसे आणून दिले, कुणी गोवऱ्या, कुणी ज्वारी, कुणी नुसतेच दोन हात. कर्ज फिटायला सात वर्षे लागली म्हणे. फिटले त्या दिवशी उरलेली नऊ मडकी राशीवर आणून फोडली. हैबती तेव्हा फार थकला होता. भागूने त्याला हाताला धरून वर नेले.

आजही आमच्या आळीत कुणाला कर्ज काढायचे असले की पतसंस्थेचा कागद नंतर. आधी ओल्या मातीची ताटली थापायची आणि घरातल्या प्रत्येकाने तीत बोट दाबायचे. पहिले बोट घरातल्या थोरल्याचे. तान्ह्या लेकराचे बोट लावत नाहीत, कारण भागूच्या मुलीचा ठसा एकाही मडक्यावर नव्हता. ताटली भाजून कोनाड्यात ठेवतात. कर्ज फिटले की ती खापरमाळावर फोडतात. टेकाड अजून वाढते आहे ते त्यामुळे.

तात्यांचे सांगून झाले. बाईंच्या हातात एक खापर होते, ते त्यांनी जपून जागेवर ठेवले. नवऱ्याने तात्यांना विचारले,

"कुंभार नसलेल्यांना चालतं का हो हे?"

"माती समद्यांचीच हाय," तात्या म्हणाले.

घरी येऊन तात्यांनी ताटली थापून दिली. नवऱ्याने बोट पुढे केले, मागे घेतले. बायकोकडे बघून म्हणाला, "फ्लॅटचं कर्ज तुला माहीत आहे. दुसरंही एक आहे. तुला सांगितलं नव्हतं." आणि त्याने अंगठा दाबला. बाई एकदम उभ्या राहिल्या. आता त्या निघून जाणार असे आम्हाला वाटले. त्या दारापर्यंत गेल्या, तिथे थांबल्या, परत आल्या, आणि त्यांनी आपलेही बोट ताटलीत दाबले. कशासाठी ते त्या बोलल्या नाहीत. तात्यांनी विचारले नाही.

ती ताटली पुढच्या आव्यात भाजून निघाली. आजही ती तात्यांच्या कोनाड्यात आहे. तात्या रोज सकाळी तिच्यावरची धूळ पुसतात. फोडायला अजून कुणी आलेले नाही.