टिटवीची तिसरी हाक

फार पूर्वी एका माळावर एक टिटवी राहायची. पिल्लांसाठी हाका ती स्वतः घडवायची. सापाची हाक ऐकली की पिल्लं पळायची, घारीची ऐकली की भुईला चिकटायची. नकला करणाऱ्या कोतवाल पक्ष्याने दोन्ही हाका उचलल्या.

“टिटवीताई, आता बाभळीवरून मी ओरडतो. तू कशाला घसा फोडतेस?”

टिटवी निवांत झाली. दोन वर्षं नवी पिल्लं येत राहिली, पण ती ओरडलीच नाही.

एके सकाळी माळावर पहिल्यांदाच रानमांजर आलं. टिटवीने झटकन विचार केला. पिल्लं पळाली तर ते झडप घालणार, बसली तर हुंगत येणार. त्यांनी काट्यांतच शिरायला हवं!

“कोतवाला, ओरड रे!”

“पण ही हाक तू घडवलीच नाहीस, ताई. घडव, लगेच म्हणतो.”

टिटवीने नवी हाक घडवायला चोच उघडली. नुसती हवा आली.

पिल्लं बाभळीकडे कान लावून निर्धास्त बसली होती.