यंत्रातली कणीक

एकदा एक गृहस्थ हातात विटेसारखा घट्ट ब्रेड घेऊन तावातावाने एका वृद्ध पाववाल्याच्या दारात उभा राहिला. म्हाताऱ्याने चाळीस वर्षे भट्टी चालवली होती. आता भट्टी मुलाच्या हाती देऊन तो येईल त्याला ब्रेड करायला शिकवत असे. हा गृहस्थही आठवडाभर त्याच्याकडे शिकायला येत होता.

"हा सातवा," गृहस्थ म्हणाला. "तुमच्याकडे मैद्याचा छान होतो. घरी ब्रेड करायच्या यंत्रात केला की हे असं. पुस्तिकेत लिहिलंय तितकंच पीठ घेतो, तितकंच पाणी घालतो. कंपनीने मला सरळसरळ फसवलंय."

त्याच्या संतापाला कारण होते. घरी ऐंशी ओलांडलेली आई होती. दात गेल्यापासून तिला पोळी चावत नसे. मऊ भाताचे दोन घास खाऊन ती ताट सरकवी. चहात बुडवलेला ब्रेड तेवढा आवडीने खाई, पण विकतच्या ब्रेडमधले मीठ सोसेना म्हणून डॉक्टरांनी तोही बंद केला. म्हणून याने यंत्र आणले आणि चक्कीवरून गहू दळून आणले. आई मात्र रोज थोडी कमी जेवत होती. कालपासून तर ती अन्नाला शिवलीही नव्हती.

म्हाताऱ्याने ब्रेडचा तुकडा मोडून पाहिला आणि चपला घातल्या. "चल, तुझ्या घरी जाऊ."

घरी गृहस्थाने सगळे पुन्हा मोजून घातले आणि यंत्र सुरू केले. आत पीठ मळले जाऊ लागले. पाचेक मिनिटांनी म्हाताऱ्याने बटण बंद केले, झाकण उघडले, आतले भांडे उचलले आणि बाहेरच्या खोलीत खाटेवर बसलेल्या आईच्या मांडीवर नेऊन ठेवले. "माई, जरा बघता का?" एवढेच तो म्हणाला.

गृहस्थाचा पारा चढला. "काका, मध्ये झाकण उघडू नये असं पुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय. आणि तिला काय विचारताय? तिने जन्मात ब्रेड केला नाही. हात थरथरतात तिचे, म्हणून स्वयंपाकघरात येऊ नकोस असं सांगून ठेवलंय मी. तिला यातलं काय कळतंय?"

आईने त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. तिने पिठात दोन बोटे दाबली.

"कोरडं आहे," ती म्हणाली. "चक्कीचं पीठ एवढ्याशा पाण्यात भिजतं होय? पाणी आण."

त्याने आणले. चमचाचमचा पाणी घालत, थरथरत्या हाताने ती मळत राहिली. बराच वेळ गेला. मग तिने भांडे सरकवले आणि पदराला हात पुसला. "आता ठेव तुझ्या यंत्रात."

आता चिडायची पाळी म्हाताऱ्याची होती. गृहस्थाला स्वयंपाकघरात नेऊन तो हलक्या पण कडक आवाजात बोलला.

"तुझी पुस्तिका मैद्यासाठी आहे. कोंड्यासकट दळलेलं पीठ जास्त पाणी पितं. तुकडा मोडला तेव्हाच मला कळलं होतं, दारातच सांगू शकलो असतो. पण तू कंपनीला फोन केलेस, पुस्तिका पाठ केलीस, माझ्याकडे धावलास. साठ वर्षं जिने रोज कणीक भिजवली, ती दहा पावलांवर बसली होती. तिला विचारलं नाहीस. वर तिच्या तोंडावर म्हणतोस, तिला काय कळतंय. अरे, ज्या हातांनी तुला वाढवलं त्यांना तू घरात एक काम ठेवलं नाहीस. तिने जेवायचं तरी कशासाठी?"

 गृहस्थाने भांडे यंत्रात ठेवले आणि यंत्र सुरू केले.

तीन तासांनी ब्रेड निघाला. फार उंच फुगला नव्हता, पण मऊ होता. आईने चहात बुडवून एक काप सावकाश खाल्ला, मग बशी पुढे केली.

"अजून एक दे. आणि उद्या पीठ भिजवताना मला हाक मार."

"मारतो," तो म्हणाला. त्याला तिच्याकडे पाहवेना.

आपल्याही घरात कुणी असे खाटेवर बसलेले असेल, तर आठवून पाहावे: औषध घेतले का, याखेरीज आपण त्यांना शेवटचे काय विचारले होते?