सड्यावरचं सिमेंट

शाळेमागचा सडा म्हणजे नुसता उघडा कातळ. परिसंस्था म्हणजे काय ते डोळ्यांनी दिसावं म्हणून मी नववीच्या मुलांना तिथे नेलं होतं. इतक्यात शाळेचे अध्यक्ष आबा खानविलकर गवंड्याला घेऊन आले नि गरजले, "बाई, या दगडात काय शिकवताय? उद्या इथे सिमेंट ओतून मैदान करतो!"

मी अशी दचकले की हातातली वहीच पडली. पण मुलांमधली मुक्ता घवाळी पुढे झाली.

"आबा, मे महिन्यात गावातल्या सगळ्या विहिरी आटतात. सड्याखालची तुमची तेवढी भरलेली. ती कशी हो?"

"आमच्या घराण्याचं पुण्य!" आबांनी मिशी पिळली.

"ते पुण्य पावसाळ्यात याच कातळाच्या भेगांतून झिरपतं, आबा. ते बंदच करायचं तर थेट विहिरीवर स्लॅब टाका की. सिमेंट तरी कमी लागेल!"

आधी गवंडीच हसला. आबा वाकून भेगा न्याहाळू लागले नि पुटपुटले, "मैदानाला दुसरी जागा बघू."

मी मुक्ताचे हात धरले. "तुझे आभार कसे मानू गं?"

"माझे कसले, बाई? भेगा तुम्हीच दाखवल्यात. आमची अख्खी वाडी त्याच विहिरीवर पाणी भरते."